अण्णाची गोळी आणि देवळाचा भोंगा

गोळी जाते पोटात, केस यायचे डोक्यावर, मग बिघाड तिसऱ्याच ठिकाणी कसा होतो? हे मी डॉक्टरांना विचारलं. कंपाउंडरला विचारलं. एसटीत शेजारी बसलेल्या गुरुजींना विचारलं, तर ते उठून दुसऱ्या सीटवर गेले.

तर आमच्या गावात एक भोळा माणूस होता, आणि तो मीच. नाव खंडू. शाळा चौथीपर्यंत. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं, एवढं मला येतं.

माझा मोठा भाऊ रंगनाथ, म्हणजे अण्णा. लग्नाला वर्ष झालं नाही तोच त्याचे केस गळायला लागले. मी त्याच्याबरोबर तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "हिने काही जणांची नवरा-बायकोतली ओढ कमी होते. सगळ्यांची नाही. पण तसं वाटलं तर गप्प बसू नका. लगेच सांगा."

दोन महिन्यांनी अण्णा बाहेर ओट्यावर झोपायला लागला. इंदुवहिनींचं तोंड उतरलं. मी विचारलं, तर अण्णा म्हणाला, "डॉक्टर म्हणाले तसं झालंय रे."

लगेच म्हणजे लगेच. मी घरात गेलो. समोर वहिनींचे वडील दामूतात्या चहा पीत होते.

"तात्या, अण्णाची वहिनींवरची ओढ कमी झालीय."

तात्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, पिशवी भरून ठेव. परवा न्यायला येतो."

गोळीचं सांगायचं राहिलं. ते सांगा असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

अण्णाने कपाळाला हात लावला. "खंड्या, असलं उघड बोलतात का? कानात सांगावं. हळू, आडवळणाने."

दुसऱ्या दिवशी आमच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. अण्णा पारावर चौघांत बसला होता. मी त्याच्या कानात म्हटलं, "अण्णा, आपल्या कडब्याला जरा ऊब चढलीय."

"असू दे," तो म्हणाला.

मी असू दिलं. निम्मी गंज गेली.

"अरे, घराचं नुकसान होत असलं की देवळाच्या भोंग्यावर सांगायचं," अण्णा म्हणाला. "गाव बादल्या घेऊन धावतं."

तिसऱ्या दिवशी तात्या आले. वहिनी रडत पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या. अण्णा खाली मान घालून ओट्यावरचं अंथरूण गुंडाळत होता. घराचं नुकसान होत होतं. मी देवळात पळालो.

"गावकऱ्यांना कळवण्यात येतं, की आमचा अण्णा केसांची गोळी खातो. तिच्यामुळे त्याची ओढ कमी झाली. वहिनी माहेरी चालल्यात. बादल्या घेऊन या."

गाव आलं. बादल्या घेऊन आलं.

वहिनी अण्णाला म्हणाल्या, "गोळीमुळे? मला वाटलं, मीच नकोशी झाले."

"लाज वाटली गं सांगायला."

"टक्कल पडलं तर पडू दे. उद्या डॉक्टरांकडे मी येते."

तात्यांनी पिशवी आत नेऊन ठेवली. पाणी आणलंच होतं म्हणून गावातल्या दोघांनी ते अण्णाच्या डोक्यावर ओतलं.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. हळूहळू अण्णाचं अंथरूण ओट्यावरून आत गेलं. वहिनी पुन्हा गुणगुणायला लागल्या.

अण्णा मला म्हणाला, "खंड्या, तुझ्या पाया पडतो. यापुढे माझी कुठलीही गोष्ट गावाला सांगायच्या आधी मला विचारत जा."

"बरं," मी म्हटलं.

यंदा चैत्रात विहिरीवरची मोटर चालू करताना अण्णाला करंट लागला. दवाखान्यातून त्याला घरी आणलं. सरपंच म्हणाले, "खंडू, देवळाची किल्ली तुझ्याकडे आहे. जा, भोंग्यावर सांग."

"थांबा. आधी विचारतो."

"कुणाला?"

"अण्णाला."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी त्याच्याजवळ बसलो. कानाशी वाकून हळूच विचारलं, "अण्णा, तू गेलायस. गावाला सांगू का?"

तो हो म्हणेना.

संध्याकाळपर्यंत मी किल्ली कुणाला दिली नाही.