खारवाड्याची मिगोरी

खारवाडा हे खाडीच्या तोंडावरचं गाव. श्रावण सरल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी इथं दर अंगणात चूल मांडतात आणि शेवया परततात. गोड नव्हे, तिखट. उकडून निथळलेल्या शेवया, लसूण, लाल मिरची, मूठभर सुका जवळा आणि वरून माडाच्या गुळाचा खारट काळा पाक. गावात त्याला मिगोरी म्हणतात. पाहुण्यानं जिथं शिजलं तिथंच ताट मागितलं, तर म्हातारे हमीदमास्तर त्याचा हात धरतात. "इथं नाही. आज आपल्या कढईतलं आपण खायचं नसतं. शेजारी चला." मग ओट्यावर बसवून ते जुलेखाची हकीगत सांगतात.

फार वर्षांपूर्वी, शिडाची गलबतं होती तेव्हा, जुलेखाचा मुलगा इब्राहिम, गलबताचा तांडेल, जावा बेटावरून बायको घेऊन आला. तिचं नाव वार्सिना. तिच्या देशात शेवया अशाच परतून खात, त्या पदार्थाचं नाव 'मी गोरेंग'; गावच्या तोंडी त्याचंच मिगोरी झालं. सुनेनं पहिल्यांदा कढई चढवली तेव्हा जुलेखा नाकाला पदर लावून म्हणाली, "गांडुळं शिजवतेस की काय! माझ्या तोंडी नको हे." नात मरियम दोन वर्षांची झाली, तरी सासूनं त्या ताटाला बोट लावलं नव्हतं.

इब्राहिम दर्यावर असताना गावात पटकी आली. आठवड्यात अकरा माणसं गेली, असं सांगतात. लोकांनी दारं लावून घेतली. आजाऱ्यांच्या घरात चूल पेटवायला कुणी उरलं नाही, आणि बाहेरचं शिजलेलं घ्यायला कुणी धजेना. तेव्हा वार्सिना कढई डोक्यावर घेऊन निघाली. ती ज्याच्या त्याच्या अंगणात तीन दगड मांडी, पाणी खळखळ उकळी, शेवया त्यांच्या डोळ्यांदेखत परती आणि वाफाळत्या ताटात वाढी. ते खाऊन उठलेला एकही माणूस पुन्हा आडवा झाला नाही म्हणे.

मात्र ती घरात येईना. पडवीतच निजे.

"अम्मा, आतून कडी लाव," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मी म्हटलं तरी उघडू नको. मरियमला जप."

नवव्या दिवशी ती पडवीतून उठलीच नाही. उलट्यांचा आवाज जुलेखानं दाराआडून ऐकला. दुपारी हाक आली, "अम्मा, पेज देतेस?"

जुलेखानं पेज केली. वाडगा घेऊन दाराशी आली. कडेवर मरियम होती, तिची मान आजीच्या खांद्यावर टेकलेली. जुलेखानं कडीवर हात ठेवला. पोरीचा ऊन श्वास गळ्याला लागत होता. हात कडीवरच राहिला.

"अम्मा..."

पेजेवर साय धरली. ऊन उतरलं. मग हाक आली नाही.

सकाळी तिनं दार उघडलं तेव्हा वार्सिना उंबऱ्याला डोकं लावून पडली होती. ओठ कोरडे, हात दाराकडे.

मूठमाती देऊन आल्यावर जुलेखानं मरियमला आपल्या भावाकडे सोपवलं, पडवीतली कढई घासली आणि डोक्यावर घेतली. शेवया किती उकडायच्या, पाक कधी सोडायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षं नाक मुरडून पाहत होती, तेवढंच. साथ ओसरेपर्यंत ती घरोघर शिजवत राहिली. कुणी म्हणे, "जुलेखाबी, दोन घास तुम्हीही घ्या." ती मान हलवी.

इब्राहिम परतला तो बंदरावरच बातमी ऐकून थेट पडवीत आला आणि विचारू लागला, कशी गेली, शेवटी जवळ कोण होतं. जुलेखा म्हणाली, "कडी आतून होती, बाबा. मी आत होते." त्यापुढे मायलेक त्यावर कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी वार्सिना गेली त्याच दिवशी, श्रावण सरल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी, तिनं अंगणात कढई चढवली, साऱ्या गावाला वाढलं, स्वतः मात्र चाखलं नाही. मग एकेका घरानं चूल मांडायला आणि तिच्यासारखंच आपल्या कढईतलं शेजाऱ्याला वाढायला सुरुवात केली.

आजही त्या शुक्रवारी इब्राहिम तांडेलाच्या वंशातल्या बायका पहाटेपासून चुलीशी असतात. शेजारून भरलेली ताटं येतात, ती त्या अदबीनं घेतात आणि दारात आलेल्याला देऊन टाकतात. दिवस मावळेपर्यंत त्या घरातलं कुणी जेवत नाही, आणि दाराला कडीही नाही. जुनी होती ती उपटल्याची भोकं तेवढी चौकटीत दिसतात.