सदोबाचा कॉम्प्युटर आणि कुंदाचं स्थळ

निंबगावात एक भोळा शेतकरी राहायचा, सदोबा त्याचं नाव. भोळा म्हणजे मूर्ख नव्हे, असं त्याची बायको वत्सला सगळ्यांना सांगायची. गावाला मात्र त्यातला फरक कधी सापडला नाही.

सदोबाचा एक गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. ते कुठं वापरायचं, तेवढंच चुकायचं.

त्याची मुलगी कुंदा शिकलेली. तिच्यासाठी घरात कॉम्प्युटर आणलेला. दसऱ्याला सदोबाने ट्रॅक्टर धुतला, हळदकुंकू लावलं, हार घातला. मग त्याच्या मनात आलं, घरात यंत्रं दोन आणि पूजा एकाचीच, हे काही बरं नव्हे. त्याने कॉम्प्युटरचा डबा अंगणात आणला आणि त्याच पाइपने धुतला. फटीफटीतून धुतला. वर झेंडूचा हार घातला. डबा दिसत होता मात्र छान.

दुसऱ्या दिवशी कुंदाने बटण दाबलं. डबा गप्प.

एरवी कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण येत्या रविवारी कुंदाला बघायचा कार्यक्रम होता, आणि तो कॉम्प्युटरवर होता. मुलगा भूषण जहाजावर नोकरीला. रविवारी जहाज बंदराला लागणार, दुपारी त्याला बोलता येणार, पुढे कित्येक महिने नुसतं पाणी. भूषणला वडील नव्हते. मामांनी वाढवलेला, त्यामुळे मामांचा शब्द शेवटचा. आणि मामा म्हणाले होते, "फोनच्या एवढ्याशा चौकटीत आम्ही सून बघत नसतो. मोठ्या पडद्यावर दोघं बोलतील, मी तिथं बसून ऐकेन, मग काय ते सांगेन."

कुंदाने भूषणला मावसबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं. ती आईला स्पष्टच म्हणाली, "आई, मला हाच मुलगा हवाय. हे मोडलं तर मला दुसरं स्थळ दाखवू नका."

सदोबाने तालुक्याच्या मोईनला फोन लावला. मोईन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"काका, नवीन काय केलं होतं?"

"काही नाही. ट्रॅक्टरबरोबर धुतला."

मोईनने तेच परत एकदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "काका, याला पाणी नाही लावायचं. आता कडक वाळवा. वाळल्याशिवाय चालू करू नका."

"बरं. समजलं," सदोबा म्हणाला.

सदोबाला समजलं की घरातले देव पाण्यात ठेवायचे.

त्याने डबा घराच्या धाब्यावर नेला आणि सोयाबीनच्या शेजारी उन्हात ठेवला. सोयाबीन हलवलं की डबाही उलटायचा. दुपार टळल्यावर त्याने डबा कानाशी धरून शेंगेसारखा हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"वाळला," सदोबा म्हणाला. "दाणा सुटलाय."

तसाच तापलेला डबा त्याने खाली आणला आणि कुंदाने बटण दाबलं. जरासा उजेड आला, घरर्र झालं आणि सगळं बंद. परत मोईनला फोन.

"अहो काका, इतका गरम झाल्यावर बंदच पडणार. सावलीत ठेवा. वारा द्या त्याला, चांगला जोराचा. आतली धूळही उडून जाईल."

"बरं. समजलं."

गावात सगळ्यात जोराचा वारा खळ्यावर होता. तिथं सोयाबीन उफणायचा मोठा पंखा चालू होता. सदोबाने डब्याचं झाकण काढलं आणि डबा पंख्यासमोर नेऊन ठेवला. दोन घमेली उफणून होईपर्यंत तो जवळ उभा राहिला. घरी आला तेव्हा डबा भुशाने गच्च भरला होता.

वत्सलाने कपाळाला हात लावला. "अहो, पंख्याच्या कुठल्या अंगाला ठेवलात?"

"भुसा जातो त्या अंगाला."

"तिकडं का पण?"

"वारा तिकडंच जातो ना."

कुंदा रडायलाच लागली. म्हणाली, "आबा, तुम्ही मुद्दाम करता का हो?" सदोबाला फार वाईट वाटलं. तो मुद्दाम काहीच करत नव्हता. पोरीचं लग्न व्हावं म्हणून त्याने दोन दिवस भाकरीसुद्धा धड खाल्ली नव्हती.

शनिवारी मोईन स्वतःच आला. त्याने सूपभर भुसा काढला, सुटलेला स्क्रू बसवला, आतली एक पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत लावली. कॉम्प्युटर सुरू झाला. वत्सलाने मोईनला जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही.

निघताना मोईन म्हणाला, "काका, आता याला पाणी नको, ऊन नको, वारा नको. उद्या सुरू नाही झाला तर एकच करायचं. कालपर्यंत नव्हतं आणि आज नवीन आलंय असं काय आहे, ते बघायचं. ते काढायचं. बाकी सगळं जिथल्या तिथं. माझं निम्मं दुकान या एका उपायावर चालतं."

"बरं. समजलं," सदोबा म्हणाला.

रविवारी मामा आले. अंगाने किरकोळ, पण बोलणं जड. खुर्ची ओढून ते कॉम्प्युटरला चिकटून बसले. त्यांनी एक पेन ड्राइव्ह आणला होता. "भूषणच्या जहाजाचे फोटो आहेत, मंडळींनी बघावेत," म्हणत त्यांनी तो स्वतःच डब्याला लावला आणि वरून हात ठेवून बसले.

कुंदाने बटण दाबलं. पडदा काळाच. परत दाबलं. काळाच.

वत्सला देवाचं नाव घ्यायला लागली. मामांनी घड्याळ बघितलं. "यांना एक यंत्र सुरू करता येत नाही, हे संसार काय लावून देणार," ते पुटपुटले.

सदोबा मात्र शांत होता. त्याने खोलीभर नजर फिरवली. टेबल जुनं. खुर्ची जुनी. वत्सलाकडे बघितलं, तीही जुनीच. मग त्याची नजर मामांवर थांबली.

"माफ करा हां," म्हणत त्याने मामांना पोत्यासारखं उचललं. मामांनी हाताला लागलं ते धरलं. हाताला पेन ड्राइव्ह लागला. तो उपटून त्यांच्याबरोबर गेला. सदोबाने मामांना बाहेर ओट्यावर ठेवलं आणि आतून कडी घातली.

वत्सला ओरडली, "अहो, पाहुणे आहेत ते."

"म्हणूनच," सदोबा म्हणाला. "दाब गं कुंदे."

कुंदाने बटण दाबलं. कॉम्प्युटर लख्ख सुरू झाला. थोड्या वेळात पडद्यावर भूषण आला. मागे जहाजाचा कठडा, केस वाऱ्यावर. दोघं बोलली. लाजली, हसली, पुन्हा बोलली. दाराबाहेर धबाधब आवाज येत होता, पण त्या दोघांना कसलं ऐकू येतंय.

शेवटी भूषण म्हणाला, "मला पसंत आहे. तुमचं काय?"

"मलाही," कुंदा म्हणाली.

"मग झालं. आता फक्त मामांनी हो म्हणायचं. मामांना पुढं बोलवा."

कुंदा दाराकडे धावली. सदोबा तिच्या आधी पोहोचला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"कडीला हात लावू नकोस पोरी," तो म्हणाला. "मामांना काढलं तेव्हा कुठं नवरदेव सुरू झाला. परत आत घेतले, तर तो बंद पडेल."