टायमिंग बेल्टचा आवाज

बाजार समितीचे सभापती आबासाहेब थोरवे यांचा एकच नियम होता: चालू गोष्टीला हात लावायचा नाही. डिझेल गाडी चालू होती, म्हणून तिचा टायमिंग बेल्ट त्यांनी कधी बदलला नाही. संसारही चालू होता, म्हणून बायकोला, सगुणाबाईंना, कधी माहेरी धाडलं नाही. दर दिवाळीला भाऊ न्यायला यायचा, बाई "जाऊ का?" म्हणून विचारायच्या, भाऊ चहा पिऊन एकटाच परत जायचा आणि तो वळणाआड होईपर्यंत बाई दारात उभ्या राहायच्या.

एकदा लग्नाला जाताना गाडी नेमकी बाईंच्या माहेरच्या फाट्यावर बंद पडली. चिंचांमागे गावच्या देवळाचा कळस दिसत होता. एरवी तो काचेतून मागे पळायचा. आज जागेवर थांबला होता.

फाट्यावरच्या गॅरेजातून सलीमभाई आले. बॉनेटखाली बघून म्हणाले, "बेल्ट तुटलाय, आबासाहेब. आतले व्हॉल्व्हही वाकले असणार. आठवडा तरी जाईल."

आबासाहेब भडकले. "तुटायच्या आधी जरा कुरकुरायला काय झालं होतं त्याला? नुसता आवाज केला असता, तर त्याच दिवशी बघितलं असतं मी!"

कळसावरची नजर न काढता बाई म्हणाल्या, "अहो, मी तर दर दिवाळीला आवाज करते. माझ्याकडे कुठल्या दिवशी बघितलंत?"

सलीमभाईंनी घाईघाईने बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. आबासाहेबांनी एकदा तुटक्या पट्ट्याकडे पाहिलं. मग त्यांनी डिकी उघडून बाईंची पिशवी बाहेर काढली. "जाऊन ये. गाडी झाली की न्यायला येतो."

चार पावलं जाऊन बाई वळल्या.

"सलीमभाई, काम सावकाश करा हं."