चार तासांची नोंद

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवाल, चकचकीत अंगाच्यावर की भट्टीतून तांबूस होऊन आलेल्यावर?

फार वर्षांपूर्वी एका बंदरावरच्या कारखान्यात एकाच स्टेनलेस पोलादाचे दोन दांडे होते. ते पोलाद सहसा गंजायचं नाही, पण भट्टीत चार तास बसल्याशिवाय त्याला खरा कस यायचा नाही. थोरला निमूट आत गेला. धाकट्याने भट्टीच्या वहीला मस्का लावला, "वहीताई, काय तुमचं अक्षर! माझेही चार तास लिहा की. तापलो तर रूप जाईल हो." वही लाजली आणि लिहून मोकळी झाली.

थोरला तांबूस होऊन बाहेर येताच धाकटा हसला, "दादा, भट्टीत गेला होतात की पान खायला?"

एवढ्यात लखमा तांडेल आला. त्याला होडीचा पाण्याखालचा पंखा फिरवायला दांडा हवा होता.

"अरे, खरं सांग त्याला," थोरला कुजबुजला, "होडीत सात माणसं असतात."

"वहीत लिहिलंय ना? मग झालं!"

तांडेलाने वही पाहिली. दोघांचे तास सारखेच, म्हणून त्याने देखणा उचलला.

आठव्या दिवशी भर समुद्रात देखणा तडकून मोडला. होडी खडकांकडे वाहत निघाली. शेजारच्या होडीने दोर फेकला, म्हणून सातही जण वाचले.

तांडेलाने दोन्ही तुकडे वहीपुढे आपटले. वही म्हणाली, "माझ्यात तर चार तासच आहेत."

"असं का बाई? मग पुढच्या खेपेला पंख्याला तुलाच बांधतो."

तेव्हा मंडळी, वही तुमच्या हाती असेल, तर जेवढे तास भट्टीत गेले तेवढेच लिहा, एवढी विनंती.