कुयलीच्या टाक्याला भिंत का नाही

टाकं बघा, पण लांबूनच. आणि आधी आपापली लेकरं कडेवर घ्या. कडेने चढलेली ही वेल खाजकुयलीची. शेंगा मखमली दिसतात, पण त्यांवरची लव अंगाला लागली तर माणूस स्वतःचंच कातडं ओरबाडतो. तरी ही वेल आम्ही तोडत नाही. का, ते माझ्या सासूबाई सांगतात.

फार पूर्वी म्हणे गढीवरच्या सरदाराने आपल्या घोड्यांसाठी हे टाकं भिंत घालून अडवलं. दारात दोन पहारेकरी. वाडीच्या बायकांनी पाण्यासाठी ओढ्याच्या वाळूत झिरे खणायचे. माघात तेही आटले.

ठकू नावाची बाळंतीण होती. लेक तापाने फणफणलेली आणि पाण्यावाचून ठकूचं दूधही आटलेलं. ती घागर घेऊन इथे आली.

"दादा, एकच घागर घेऊ द्या. लेकरू जातंय माझं."

"मुलगीच ना गं? जाऊ दे की!" पहारेकरी हसला. "घोडा मेला तर आमची मान जाईल."

दुसऱ्याने लाथेने घागर फोडली.

असं सांगतात, की ठकू रडली नाही. वारा जिकडून येत होता त्या अंगाला कुयली वाळली होती. तिथे जाऊन तिने नुसत्या हातांनी वेल ओढली, झोडपली. "माझ्या लेकीचं पाणी अडवता? या भिंतीला कुयलीच खाईल!" लव वाऱ्यावर उडाली. पहारेकरी अंग खाजवत, किंचाळत गढीकडे पळाले. आरडाओरडा ऐकून वाडीच्या बायका घागरी घेऊन धावल्या.

पाणी मिळालं. पण ठकूचे हात, पदर, सगळं लवेने भरलेलं. लेकीला शिवायची सोय नव्हती. ती हात पाठीमागे धरून लांब उभी राहिली आणि शेजारच्या राहीने लेकीच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडलं. लेक जगली. सरदाराने भिंत पुन्हा पुन्हा बांधली, पुन्हा पुन्हा तिच्यावर कुयली चढली. शेवटी गवंडीच येईनात म्हणे.

आजही आमच्याकडे लेकराला पहिलं पाणी शेजारीण पाजते आणि आई हात पाठीमागे धरून उभी राहते. माझ्या लेकीच्या वेळी मीही उभी होते. तो लाथ मारणारा आठवून मी दातओठ खात होते.

मागच्या उन्हाळ्यात एकजण तारेचं कुंपण घेऊन आला. टाकं त्याच्या हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी हवं होतं. म्हणाला, "आधी ही वेल काढा." आम्ही बायकांनी कोयता त्याच्याच हातात दिला आणि वाऱ्याची बाजू सोडून उभ्या राहिलो.

वेल आजही तिथेच आहे.