मान नसलेलं कासव

“सून गुणाची आहे हो, पण दंतमंजनवाल्यांच्या घरात येऊन महिना झाला, अजून तिचे दात काही कुणाला दिसले नाहीत!”

फार पूर्वी, नदीकाठच्या एका बाजारगावात, एक सासूबाई आपल्या नवऱ्याला हे हळूच सांगत होत्या. हळूच म्हणजे त्यांच्या मते. दाराआड नवी सून लवंगा निवडत बसली होती. तिला हसू आलं, पण ते तिने ओठांतच ठेवलं.

त्या घरचं मंजन पंचक्रोशीत नावाजलेलं. बाभळीची साल, हिरडा, सैंधव, लवंग, सगळं घरी कुटलेलं. वर तांबड्या कागदाची पुडी आणि पुडीवर कासवाचा छाप. लोक दुकानात येऊन मंजन मागतच नसत. “एक कासव द्या,” म्हणत.

एक दिवस गावात एक कुलूपवाला आला. त्याच्या कुलपांवरही कासव! सासरे पुडीसारखे तांबडे झाले.

“कासव आमचं! आज याने कुलपावर चढवलं, उद्या कुणी वहाणेवर चढवील!”

“पण बाबा, कुलपाने कुणी दात घासतं का?” मुलगा म्हणाला.

“तू गप्प बस. असले विनोद सासुरवाडीत करायचे.”

सून पुड्या बांधत राहिली.

गावच्या चावडीत चिन्हांची एक वही असे. तिच्यात तेलाचं पान वेगळं, छत्र्यांचं वेगळं, कुलपांचं वेगळं, मंजनाचं वेगळं. आपल्या धंद्याच्या पानावर आपलं चिन्ह लिहून घेतलं की त्या धंद्यात दुसऱ्या कुणाला ते लावता येत नसे. वही वर्षातून एकच दिवस उघडायची आणि दिवस मावळला की मिटायची. सासऱ्यांनी मंजनाच्या पानावर कधी काही लिहिलंच नव्हतं. “अख्खा गाव आपलं कासव ओळखतो. सूर्य काय नाव नोंदवून उगवतो?” असं ते म्हणत. वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं, की ते दरवर्षी म्हणत.

यंदा मात्र ते चावडीत जाणार होते. कुलूपवाल्याशी भांडायला.

वही उघडायच्या आदल्या दिवशी सकाळीच शेजारच्या काकू तणतणत आल्या आणि एक पुडी ओट्यावर आपटली.

“काय घालता गं हल्ली मंजनात? नातीच्या हिरड्यांतून रक्त आलं! तीन पिढ्या तुमचं कासव घासतोय आम्ही. आजपासून बंद.”

सासूबाईंचा चेहरा पडला. सुनेने पुडी उचलून पाहिली. कागद तांबडा, कासव तेच. पण घडी उलटी. महिनाभर पुड्या बांधणाऱ्या हातांना ते लगेच कळलं. आत राख आणि विटेचा भुगा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘खरे कासव’. काकूंनी ती घाटावरच्या नव्या विक्रेत्याकडून घेतली होती.

तिने पुडी नवऱ्याला दाखवली.

“बाबांना आत्ता काही सांगू नकोस,” तो म्हणाला. “त्यांच्या डोक्यात सध्या कुलूप आहे, आणि किल्ली कुणाकडेच नाही.”

सुनेने ती पुडी आणि घरची एक पुडी पदराच्या गाठीत बांधली.

दुसऱ्या दिवशी सगळं घर चावडीत गेलं. कुलूपवालाही आपलं चिन्ह लिहायला आला होता. सासरे कारकुनासमोर उभे राहिले ते हटेनात.

“काका, तुम्ही कुलपं करता का?” कारकुनाने विचारलं.

“नाही. पण कासव आमचं आहे!”

“मग कुलपांच्या पानावर तुमचं काय काम? तुमच्या मंजनाचं पान तर कोरंच दिसतंय.”

“ते राहू द्या. आधी याच्या कुलपाचं बोला!”

ऊन कलायला लागलं. सुनेने सहज मागे पाहिलं. दोन माणसं सोडून रांगेत घाटावरचा विक्रेता उभा होता, काखेत तांबड्या कागदांची गुंडाळी घेऊन. त्याला मंजनाचंच पान हवं होतं. एकदा त्याचं नाव तिथे लागलं, की तीन पिढ्यांचं कासव त्याचं होणार होतं.

तिने गाठ सोडली. घरची पुडी, घाटावरची पुडी आणि कुलूपवाल्याच्या हातातलं कुलूप घेऊन तिने तिन्ही वस्तू सासऱ्यांसमोर ओळीने मांडल्या.

सासऱ्यांनी घाटावरच्या पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. “थू!” मग ते कासवांकडे बघत राहिले. कुलपावरचं कासव मान उंचावून, शेपटी ताठ करून चाललं होतं. पुड्यांवरच्या दोन्ही कासवांना मानच नव्हती.

मग कुलूप त्यांनी परत केलं.

“घे बाबा, तुझं कासव तुला. कारकून, मंजनाचं पान काढा. आमचं लिहा.”

विक्रेता रांग मोडून पुढे आला. “हे चिन्ह माझं! मी काढलंय!”

“मग मान कुठे आहे त्याची?” कारकून म्हणाला.

“आत घेतलीय. कासवं घेतात.”

कारकुनाला हे पटलंसं दिसलं. सासरे घाम पुसू लागले. तेवढ्यात सासूबाईंना राहवलं नाही.

“अहो, मान असेल कुठून! ते कासव नाहीच मुळी, दाढ आहे दाढ! आमच्या मामंजींनी छापासाठी चार मुळांची दाढ चितारली, लोकांना मुळं म्हणजे पाय वाटले आणि कासव दिसलं. लाजेने कुणी बोललं नाही घरात.”

सगळी चावडी खदखदून हसली. विक्रेत्याने चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली होती.

“चूक कुठून आली हे ज्याला सांगता येतं, चिन्ह त्याचं,” असं म्हणून कारकुनाने मंजनाच्या पानावर टाक टेकवला. विक्रेत्याला तांबडी गुंडाळी तिथेच ठेवून जावं लागलं. सासूबाई चावडीतून थेट काकूंकडे गेल्या, ताजी पुडी घेऊनच, आणि नातीची विचारपूस करून आल्या.

सासऱ्यांचा आनंद मात्र ओट्यावर मावेना. “अजून दिवस मावळला नाही! चला परत. तेल, छत्र्या, वहाणा, सगळ्या पानांवर कासव लिहून टाकू. कारकुनाने विचारलं, तर हे धंदेही करतो म्हणून सांगायचं. कुणाला जागाच ठेवायची नाही!”

मुलाने मान डोलावली. सासूबाई वहाणा घालू लागल्या. तेव्हा, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, सून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“मामंजी, खुशाल लिहा. पण मग कुणाचीही छत्री गळली, तरी माणसं भांडायला आपल्याच दारात येतील. आणि आपल्याला तर फक्त मंजन कुटता येतं.”

सासरे पुन्हा ओट्यावर बसले आणि सासूबाईंनी वहाणा काढल्या.

तात्पर्य काय, तर आपलं चिन्ह आपल्या कामाच्या पानावर वेळेत लिहावं. दुसऱ्याच्या पानावरचं कासव त्याला लखलाभ.