आपलीच होडी

माडवे बंदरातून जलदुर्ग पाहायला निघालेली पाहुण्यांची होडी बुरुजासमोर आली, की नाखवा इंजिन मंद करतो आणि ओरडतो, "आपलीच होडी हाय होऽऽ!"

"कुणाला सांगताय, नाना? किल्ल्यात तर शेळ्याच दिसतात," आमच्यातली एक म्हणाली.

"शेळ्या तर शेळ्या. सांगितलेलं बरं," हसूराम नाखवा म्हणाले, आणि त्यांनी हकिकत सांगितली.

फार पूर्वी चांगुणा कोळीण अंगणात बोंबील वाळत घालत असताना निरोप आला म्हणे. तिचा भाऊ परक्या बंदरात तापाने गेला होता. घरच्या वाळूवर अग्नी द्या, एवढेच तो शेवटी बोलला होता. चांगुणाचा नवरा धाकलू त्याला आणायला निघाला. इकडे तिने किनाऱ्यावर लाकडे रचून घेतली.

प्रेत आणणाऱ्या होडीवर काठ लागेपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही, अशी तेव्हा रीत होती. पण धाकलू गेल्यावर गनिमाची गलबते दिसू लागली आणि किल्लेदाराने हुकूम काढला, हाक न देणाऱ्या होडीवर तोफ डागा. धाकलूला हे ठाऊक नव्हते.

दिवस मावळता होडी दिसली. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाटेने चांगुणा किल्ल्याच्या बुरुजावर धावली.

"सायबा, माझा भाऊ हाय त्यात. मढं आणताना बोलत नाहीत."

किल्लेदार हसला, असे सांगतात. "मेलेला गप्प, ठीक आहे. जिवंतांना काय झालं? बोलव की तुझ्या दादल्याला."

नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नव्हती. तिने घेतले. "धाकलू, हाक दे रंऽऽ!"

वारा उलटा होता. आवाज पोचला, शब्द पोचले नाहीत. ती भावासाठी रडते आहे असे त्याला वाटले असावे. त्याने धीर दिल्यासारखा हात वर केला. तोंड उघडले नाही.

होडी फुटली. नेम साधला म्हणून किल्लेदाराने गोलंदाजाला तिथेच, तिच्यासमोर, चांदीचे कडे दिले.

सकाळी धाकलू वाळूवर मिळाला. भावासाठी रचलेल्या लाकडांवरच त्याला ठेवले. मग चांगुणाने एकेका नाखव्याला समुद्रात उभे करून शपथ घ्यायला लावली, की या खाडीत होडी गप्प येणार नाही. मेलेल्याचा मान जाईल, असे म्हाताऱ्यांनी म्हटले.

"मान राखलाय माझ्या माणसानं," ती म्हणाली. "जा, राख बघून या."

आजही माडव्यात प्रेत घेऊन येणारी होडीसुद्धा हाक देत येते. चांगुणाचा भाऊ सापडलाच नाही. त्याला घरच्या वाळूवर अग्नी द्यायचा राहिला.